खडूच्या त्या खुणांसाठी, हवालदारसाहेब

हवालदारसाहेब, सप्रेम नमस्कार.

नाव लिहिलं तर उगाच तुमची अडचण व्हायची, म्हणून लिहीत नाही. पण टेम्पोने मागून ठोकलेल्या त्या गाडीशेजारी, भर चौकात गुडघ्यावर बसून तुम्ही जे केलंत, त्याचे जाहीर आभार मानल्याशिवाय राहवत नाही.

बाकी सगळ्यांना घाई होती. क्रेनवाला हुक लावायला निघालेला, मागे हॉर्नचा नुसता गोंगाट. तुम्ही हात वर करून क्रेन थांबवलीत आणि खिशातून खडू काढलात. टेललाइटच्या लाल काचा पडल्या होत्या त्यांच्याभोवती गोल, चारही चाकांपाशी खुणा. काचांपासून स्टॉप लाइनपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून रस्त्यावरच लिहिलंत, '१७ फूट'. मग गाडी चालवणाऱ्या मॅडमच्याच फोनवर दोन फोटो काढलेत. एकात स्टॉप लाइन, सिग्नलचा खांब आणि काचा एकत्र दिसतात, दुसरा काचांचा जवळून. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

पुढे सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ११९/१७७, दंड ५०० रुपये. फोटोत सिग्नल लाल, गाडी झेब्रा क्रॉसिंगवर. फोटो खोटा नव्हताच. लाल दिवा असताना गाडी रेघेपुढे गेली, एवढंच कॅमेऱ्याला कळतं. ती चालवत नेली की ढकलली गेली, हे त्याला कळत नाही. ते तुमच्या खडूने सांगितलं. गाडी रेघेपुढे, मागच्या दिव्याच्या काचा रेघेच्या १७ फूट मागे, गाडीच्या लांबीपेक्षाही जास्त. म्हणजे धडक बसली तेव्हा गाडी रेघेच्या आतच होती.

आणि सल्ले काय मिळाले होते? विमा प्रतिनिधी म्हणाला, "पाचशेसाठी कोर्टाच्या चकरा कशाला? भरून टाका." ओळखीच्या एका वकिलांनीही फोटो न बघताच तेच सांगितलं. याचा राग अजून गेलेला नाही, कारण प्रश्न पाचशेचा नव्हताच. मॅडमच्या मानेला पट्टा होता, नुकसानभरपाईचा दावा लावायचा होता. दंड भरला म्हणून चूक सिद्ध झाली असं होत नाही, अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण स्वतःचा पुरावा बघतं. पण टेम्पोच्या विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तीच पावती पुढे करणार, आणि म्हणणार की चूक दोघांची. समजा ५ लाखांच्या भरपाईत २० टक्के चूक मॅडमची धरली, तर १ लाख तिथेच गेले.

प्रत्येक चलान लढवावं असं मात्र नाही. पीयूसी संपलेली असेल, सीटबेल्ट नसेल, तर मुकाट्याने भरावं. कोणी कोणाला ठोकलं याच्याशी त्याचा संबंध नाही. आपणच खरोखर सिग्नल तोडला असेल तरीही भरावं. कलम १८४, म्हणजे धोकादायक वाहन चालवणं, लागलं असेल तर मात्र कोणाचं न ऐकता आधी वकील गाठावा. त्यात पहिल्याच वेळी १००० ते ५००० रुपये दंड किंवा कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

हरकत घ्यायची ठरली की दंड भरायचा नाही, ही पहिली गोष्ट. एकदा भरलं की प्रकरण मिटलं असंच धरतात. मग फोटो जोडून वाहतूक पोलिसांच्या पोर्टलवर तक्रार, तिथे नाहीच ऐकलं तर कोर्ट. चलानच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्ड प्रकरण निकाली निघेपर्यंत ठेवावं, असा २०२१ पासून नियमच आहे. चौकातल्या दुकानदाराला तसं बंधन नाही, त्याचा कॅमेरा काही दिवसांत जुन्यावर नवं रेकॉर्ड करतो. म्हणून तिथे त्याच दिवशी जायला हवं. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ पुसून टाकू नये. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या फोटोत वेळ आणि ठिकाणाची आतली नोंद उरत नाही. कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं, तेव्हा मूळ फाइल असलेला फोन हाताशी असलेला बरा.

हे सगळं नंतर कोणीही सांगू शकतं, साहेब. पण खुणाच नसत्या तर सांगून उपयोग काय होता? काचा झाडल्या गेल्या असत्या, गाडी ओढून नेली असती, उरला असता तो फक्त झेब्रावरच्या गाडीचा फोटो. त्या क्षणी चूक कोणाची हे तुम्हालाही माहीत नव्हतं. टेम्पोवाल्याच्या चाकांपाशीही तुम्ही तशाच खुणा केल्यात, त्यालाही पाणी दिलंत. ज्याचं जे आहे ते त्याला मिळावं एवढंच तुमच्या मनात होतं, आणि अशी माणसं रस्त्यावर उभी आहेत म्हणून असे दावे लढवणाऱ्या आमच्यासारख्यांची फाइल उभी राहते.

हरकत मान्य झाली, चलान रद्द झालं. भरपाईचा दावा अजून चालू आहे. दुरून काढलेल्या त्या फोटोत काचांकडे बोट दाखवणारा तुमचा डावा हात आलाय, बोटांना पांढरा खडू लागलेला. तेवढा कोपरा कापू का, असं झेरॉक्सवाल्याने विचारलं. मूळ फोटोला कात्री लावायची नसतेच, पण त्याआधीच मॅडम म्हणाल्या, "हात राहू दे."