२५ जूनच्या पोस्टबद्दल सूचना

मंडळी, उद्या २५ जून आहे, ग्रुपवर दिनविशेष टाकायचाय हे लक्षात असू द्या, आणि यावेळी नुसतं '१९८३ वर्ल्डकप' लिहून सोडू नका प्लीज. कारण त्याच तारखेला, त्याच लॉर्ड्सवर १९३२ साली भारताची पहिली टेस्ट सुरू झाली होती, सी. के. नायडू कॅप्टन होते आणि मोहम्मद निसारने सुरुवातीलाच दोन्ही ओपनर बोल्ड केले, मग एक रनआउट, इंग्लंड ३ बाद १९! आपण ती मॅच हरलो पण हे वाचताना मला अजूनही भारी वाटतं. बरोब्बर ५१ वर्षांनी तिथेच १८३ रन्समध्ये ऑलआउट होऊन आपण वेस्ट इंडिजला १४० मध्ये गुंडाळलं, मोहिंदर अमरनाथने फक्त १२ रन्स देऊन ३ विकेट घेतल्या.

फुटबॉलवाल्यांनी १९७८ची फायनल घ्या, अर्जेंटिनाने नेदरलँड्सला ३-१ हरवलं, एक्स्ट्रा टाइममध्ये. १९५० चं कोरियन युद्धही याच दिवशी सुरू झालं.

आणि आणीबाणी. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली, दिल्लीत पेपरांच्या छापखान्यांची वीज तोडली, पुढे २१ महिने ती चालली. याची पोस्ट वेगळी टाका, क्रिकेटच्या जल्लोषात मिसळू नका, त्या काळात तुरुंगात गेलेल्यांची घरं आजही आहेत.

साल तपासूनच टाका, फॉरवर्ड नको. कोण काय लिहिणार ते आज रात्री ९ पर्यंत इथेच सांगा.