लाईनवरच्या माणसाला आधी विचारा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आपल्या संभाजीनगरच्या एमआयडीसीत वाळूज काय, शेंद्रा काय, चिकलठाणा काय, प्रॉडक्शन कमी आलं की साहेब लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "लेबर कामच करत नाही." मी शॉप फ्लोअरवरच नोकरी करतो म्हणून हे लिहितोय.

आमच्या लाईनचा लेआउट रविवारच्या सुट्टीत बदलला, सोमवारी फर्स्ट शिफ्टला पोरं आली तर मशीन फिरवलेली आणि मालाची बिन, म्हणजे पेटी, पाठीमागे, म्हणजे दर पीसला मागं वळा, वाका, उचला आणि टार्गेट मात्र तेच. आउटपुट पडलं, मेमो निघाले, पण ऑपरेटरला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. पुढं नवीन मॅनेजर आले, त्यांनी शिफ्ट सुटताना तिथंच उभं राहून विचारलं, "अडतंय कुठं सांगा." एका पोराने खडूने फरशीवर बिनची जागा आखून दिली, मेंटेनन्सने उंच स्टँड वेल्डिंग करून दिला आणि टार्गेट निघायला लागलं. पोरं तीच, मशीन तीच.

अमेरिकेत हारवूड कंपनीच्या पायजमे शिवायच्या कारखान्यात कोच आणि फ्रेंच नावाच्या दोन अभ्यासकांनी नेमकं हेच तपासलं, १९४८ साली ते छापून आलं. कामाची पद्धत बदलताना ज्या गटाला नुसता हुकूम सोडला त्यांचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले, आणि बदल ठरवतानाच ज्यांना सोबत घेतलं ते लवकर सावरले आणि आधीच्याही पुढं गेले.

आपल्याकडं तर १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातच १०० किंवा जास्त कामगार असतील तिथं कार्य समितीची, म्हणजे मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असलेल्या समितीची, तरतूद होती. पण समिती असली तरी चर्चा कँटीनच्या डाळीवर आणि युनिफॉर्मवर, मशीन कुठं बसवायची हा विषय तिथं येतच नाही, आणि अर्ध्याअधिक लाईनवर जी कंत्राटी पोरं उभी असतात त्यांना तर कुणी बोलवतच नाही.

सगळंच विचारून करता येत नाही हे मान्य, डिस्पॅचची तारीख कस्टमर ठरवतो. पण लेआउट, फिक्श्चर (पीस धरून ठेवायचा साचा), शिफ्टचा बदल असं काही करायच्या आधी त्या मशीनवरच्या ऑपरेटरला, कंत्राटी असला तरी, शिफ्टच्या वेळेतच बसवून विचारा. आणि सूचना जमणार नसेल तर का जमत नाही ते तोंडावर सांगा, कारण विचारून गप्प बसलं की पोरं पुढच्या वेळी तोंडच उघडत नाहीत.

आपला,
एक कामगार वाचक, बजाजनगर, वाळूज