ओरखडे काढू दिल्याबद्दल

तीर्थस्वरूप काकांना,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र खरं म्हणजे तीन जिने उतरून तुमच्या हातात द्यायला हवं. पण तुम्ही ते न उघडताच टीव्हीवर ठेवाल, "बस, चहा टाकतो" म्हणाल आणि विषय तिथेच संपेल. म्हणून सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. मी हाताने रंगवून-खरवडून केलेल्या दोन मिनिटांच्या फिल्मच्या शेवटी तुमचं नाव घालायचं म्हटलं तर तुम्ही हात जोडलेत. "जन्मभर निगेटिव्ह कापली, पडद्यावर नाव कधी आलं नाही. आता कशाला नसती सवय लावतेस?" बरं, नाव इथेही घालत नाही. काय काय दिलंत ते मात्र लिहिणार.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं सांगते. सिनेमाच्या पट्टीवर थेट रंगवून किंवा ती खरवडून ॲनिमेशन करता येतं. त्याला कॅमेरा लागत नाही. प्रोजेक्टरमधून जी फिल्म धावायची, तिच्याच अंगावर शाई, रंग, सुईच्या रेघा. न्यूझीलंडहून लंडनला आलेल्या लेन लायने 1935 मध्ये ‘अ कलर बॉक्स’ अशीच केली, एका क्यूबन वाद्यवृंदाच्या तबकडीच्या तालावर. पैसे कोणी दिले? ब्रिटनच्या पोस्ट खात्याने. चार मिनिटांच्या आतला तो सगळा रंगांचा धिंगाणा म्हणजे स्वस्तातल्या पार्सलसेवेची जाहिरात होती! सरकारी खात्यात तेव्हा कोणीतरी रसिक बसलेला असणार.

दुसरा नॉर्मन मॅक्लॅरेन. हा स्कॉटलंडचा. ग्लासगोच्या आर्ट स्कूलमध्ये शिकताना कॅमेऱ्याची सोय नव्हती, तर पठ्ठ्याने वापरलेल्या फिल्मवरचं इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा थर, धुऊन काढलं आणि उरलेल्या पारदर्शक पट्टीवर चित्रं काढायला बसला. 1941 मध्ये तो कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेला आणि जन्मभर तिथेच राहिला. त्याने आणि एव्हलिन लॅम्बार्टने 1949 मध्ये केलेली ‘बिगॉन डल केअर’ मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत फोनवर पाहिली. ऑस्कर पीटरसनच्या त्रिकुटाचं जॅझ आधी रेकॉर्ड केलेलं, आणि मग त्याच्या मापाने रंगवलेली फिल्म. मी दिवसभर कॉम्प्युटरवर जाहिरातींची अक्षरं हलवते. त्या आठ मिनिटांनी माझी झोप उडवली.

पण हौस असून काय उपयोग? फिल्मची पट्टी आणायची कुठून? थिएटरं डिजिटल झाली, फिल्म धुणाऱ्या-छापणाऱ्या लॅब बंद पडल्या. आपल्या वॉचमननेच सांगितलं, तळमजल्यावरचे काका लॅबमध्ये होते, त्यांना विचारा.

तुम्ही दार उघडलंत, माझं ऐकून घेतलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "फिल्मवर ओरखडे काढणार? मुद्दाम?"

निगेटिव्ह कटर म्हणजे काय हे मला तेव्हा धड माहीत नव्हतं. एडिटर कापतो ती कामाची प्रिंट. तिचे तुकडे झाले, जोड लागले, चिकटपट्ट्या लागल्या, तरी चालतं. नंतर तिच्या कडेवरचे नंबर बघत, त्याबरहुकूम कॅमेऱ्यातून आलेली मूळ निगेटिव्ह कापायची ती तुम्ही. ती एकच. चुकीच्या जागी कात्री लागली की तो शॉट गेला. नखाचा ओरखडा पडला तर गावोगावी जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटवर तो उमटणार. पांढरे सुती हातमोजे, डोक्यावर फॅन नाही, खोलीत धूळ नाही, घामाचा थेंब पडता कामा नये. अशा माणसाकडे मी सुई घेऊन गेले होते.

तुम्ही माळ्यावरून डबा काढलात. कुठल्या सिनेमाची रिळं ते विचारलं तर म्हणालात, "रिळांच्या शेंड्या-बुडख्यांचे तुकडे आहेत, सिनेमा नाही. सिनेमा असता तर दिला नसता." डब्यात काळा लीडर, म्हणजे रिळाच्या टोकांना जोडायची चित्र नसलेली पट्टी, होता, पारदर्शक लीडर होता आणि बाद केलेल्या रंगीत प्रिंटचे तुकडे. काळी पट्टी हातात दिलीत आणि कुठली बाजू इमल्शनची ते ओळखायला सांगितलंत. उजेडात धरून बघितलं, दोन्ही बाजू सारख्याच. तुम्ही पट्टीचं टोक ओल्या ओठाला लावलंत. एक बाजू सटकली, दुसरी हलकीच चिकटली. "चिकटली ती इमल्शनची. अंधाऱ्या खोलीत आम्ही असंच ओळखायचो." आता मीही तसंच करते, आणि आमच्या ऑफिसातली पोरं मला फिल्म चाटणारी म्हणतात.

मग तुम्ही रंगीत प्रिंटचा काळा तुकडा लाइट बॉक्सवर, खालून दिवा असलेल्या काचेवर, ठेवलात आणि म्हणालात, "आता मार सुई. हळू." मी रेघ ओढली. ती पांढरी येईल असं वाटलं होतं, पण आली हिरवी. त्याच रेघेवरून जरा दाबून फिरवली, पिवळी झाली. अजून दाबली तेव्हा कुठे पांढरी. तुम्ही कारणही सांगितलंत. रंगीत प्रिंटवर तीन थर असतात. सगळ्यात वर मॅजेंटा (किरमिजी), मध्ये सायन (हिरवट निळा), खाली पिवळा. वरचा थर निघाला की उरलेल्या दोघांचा मिळून हिरवा दिसतो. दुसरा निघाला की पिवळा उरतो. तिन्ही गेले की नुसता उजेड. लहानपणी जत्रेतल्या तंबूत सिनेमा बघताना पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या हिरव्या-पिवळ्या रेघा दिसायच्या, त्या ह्याच. तुमच्यासाठी ती तक्रार होती. "हिरवी रेघ आली की वितरकाचा फोन यायचा," म्हणालात. आणि माझ्यासाठी तो रंगांचा सबंध डबाच निघाला, ब्रश न लावता. फिल्ममधलं गवत मी सगळं असंच काढलं आहे. सुईवर किती जोर द्यायचा याचा अंदाज बोटाला येईपर्यंत तुम्ही शेजारी बसून होतात, आणि दर ओरखड्याला तुमचा चेहरा आक्रसत होता. ते मी बघितलं आहे काका. तरी एकदाही "पुरे" म्हणाला नाहीत.

रंगाचं गणितही तुमच्याचकडून कळलं. कागदावर पोस्टर कलर खुलतो, कारण उजेड त्याच्यावरून परत फिरतो. फिल्ममधून उजेड आरपार जायला हवा. जाड रंग कितीही लाल असला तरी पडद्यावर काळा ठिपका. म्हणून फोटो रंगवायचे जुने पारदर्शक रंग, ग्लास कलर आणि पक्क्या शाईची मार्कर पेनं. त्यातही जिलेटिन असलेल्या, म्हणजे इमल्शनच्या, बाजूला पाण्यातली शाई मुरते, उलट्या गुळगुळीत बाजूवर तिचे मणी होऊन पळतात. त्यावर तुमचा उपाय काय, तर शाईत भांड्यांच्या साबणाचा एक थेंब.

आणि हातमोजे. आधी तुम्ही तुमचे सुती दिलेत, मग मी रंगांच्या बाटल्या आणल्यावर ते काढून घेऊन रबरी आणायला पाठवलंत, खिडक्या उघड्या ठेवायला लावल्यात. मला ते अति वाटलं होतं. नंतर स्टॅन ब्रॅकेजविषयी वाचलं. अमेरिकेतला हा माणूस जन्मभर फिल्मवर रंगवत राहिला. 1963 मध्ये त्याने ‘मॉथलाइट’ करताना रंगही वापरला नाही, मेलेल्या पतंगांचे पंख आणि गवताची पाती दोन पारदर्शक चिकटपट्ट्यांच्या मध्ये दाबली आणि तीच पट्टी छापून घेतली. पुढे ‘दांते क्वार्टेट’ ही फिल्म हाताने रंगवायला त्याला सहाएक वर्षं लागली. 2003 मध्ये तो मूत्राशयाच्या कर्करोगाने गेला. वर्षानुवर्षं वापरलेल्या, कोळशाच्या डांबरापासून केलेल्या रंगांमुळे तो झाला असं त्याचं स्वतःचं मत होतं. त्याची शेवटची फिल्म तर त्याने अंथरुणात, थुंकीने इमल्शन मऊ करून नखांनी खरवडली. हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "नखांनी? काय म्हणायचं या माणसाला!" आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दारात मास्कचं पाकीट.

मोजमाप तुमच्या रक्तातच आहे. मी सेकंदांत बोलायचे, तुम्ही फुटांत. 16 फ्रेमचा (म्हणजे चौकटींचा) एक फूट, 24 फ्रेमचा सेकंद, मिनिटाला 90 फूट. दोन मिनिटांची फिल्म म्हणजे 180 फूट, 2,880 चौकटी, प्रत्येक पोस्टाच्या तिकिटाएवढी. मी कुरकुरले तेव्हा तुम्हाला सिस्तियागाची गोष्ट सांगितली होती. हा स्पेनच्या बास्क भागातला चित्रकार. 1970 मध्ये त्याने पाऊण नव्हे, सव्वा तासाची फिल्म हाताने रंगवली. लाखावर चौकटी! तुम्ही लगेच मनात हिशोब केलात, "पावणेसात हजार फूट. सात रिळं." आणि मग, "पगार कोण देत होतं?" उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आवाज काढायची कल्पना माझी, पण तुमच्याशिवाय तो जागेवर बसला नसता. चित्राच्या कडेला जी अरुंद आवाजाची पट्टी असते, तिच्यावरही रेघा मारता येतात. मॅक्लॅरेन तेच करायचा. प्रोजेक्टर त्या रेघांचा उजेड-अंधार वाचतो आणि तोच स्वर होतो. एका फ्रेममध्ये सारख्या अंतराने 10 रेघा काढल्या, तर सेकंदाला 240 कंपनं. रेघा दाट केल्या की स्वर चढतो. पण आवाज वाचणारं डोकं मशिनमध्ये चित्राच्या गेटच्या, म्हणजे चौकट दिव्यासमोर येते त्या फटीच्या, खाली असतं, त्यामुळे ज्या चौकटीला टिंब फुटतं तिचा ‘टक्’ तिच्या शेजारी काढून चालत नाही. तो 21 फ्रेम पुढे, रिळाच्या सुरुवातीच्या बाजूला काढायचा. तुम्ही फ्रेम मोजायचा दातेरी चाकांचा सिंक्रोनायझर आणलात, पेन्सिलीने खुणा केल्यात, एकही फ्रेम इकडची तिकडे नाही. चष्मा कपाळावर होता. त्याची तुम्हाला गरजच पडली नाही.

आणि स्कॅन करून झाल्याशिवाय रीळ मशिनवर चढवू दिलं नाहीत. "हीच निगेटिव्ह, हीच प्रिंट. दुसरी नाही," हे तुम्ही इतक्या वेळा बजावलंत की आता मला ते झोपेतही ऐकू येतं.

तुमच्या ओळखीचे ते ऑपरेटर, त्यांचेही आभार मानायला हवेत. त्यांच्या केबिनमध्ये 35 एमएमचं मशीन अजून जिवंत आहे, आणि त्यात माझी रंग थापलेली पट्टी घालायला त्यांचा साफ नकार होता. बरोबरच होतं त्यांचं. रंगाचा पोपडा गेटमध्ये अडकला तर? शिवाय पट्टी पॉलिएस्टरची. ॲसिटेट अडकली तर तुटते आणि मशीन वाचतं. पॉलिएस्टर तुटत नाही, मशीनच हार मानतं. तुम्ही सगळी 180 फूट पट्टी रिवाइंडरवर, हाताने रीळ गुंडाळायच्या यंत्रावर, घेऊन दोन बोटांच्या चिमटीतून फिरवलीत, एकेक जोड तपासलात, दोन ठिकाणी रंग जाड होता तो खरवडायला लावलात आणि मग म्हणालात, "चालव. काही झालं तर माझं नाव सांग." नाव नको म्हणणारा माणूस!

रात्रीचा शेवटचा शो सुटल्यावर रिकाम्या थिएटरात आपण चौघं. हिरवं गवत पडद्यावर उगवलं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तुम्ही म्हणालात, "मधला एक जोड उडी मारतोय. आणि फोकस जरा सॉफ्ट आहे." याहून चांगली दाद मला मिळाली असती असं वाटत नाही.

परत येताना टॅक्सीत तुम्ही तुमची आठवण सांगितलीत. पूर्वी मुख्य सिनेमाआधी सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी लागायची आणि लोक तेवढ्यात बाहेर वडा खायला जायचे. तुम्ही बसून राहायचात. तिथले दिग्दर्शक प्रमोद पती यांची 1968 ची ‘एक्सप्लोरर’ तुम्ही तशीच पाहिली होती, ती शॉटमागून शॉट धडाधड फेकणारी. लोकांना ती कळली नाही म्हणून कुरकुर चालली होती, आणि तुमच्या मनात एकच विचार, हिची निगेटिव्ह ज्याने कापली त्या बिचाऱ्याच्या डोळ्यांचं काय झालं असेल!

मला हेच लिहायचं होतं. ‘बिगॉन डल केअर’चं नाव निघालं की लोक मॅक्लॅरेन म्हणतात. शेजारी बसून तीच पट्टी रंगवणारी लॅम्बार्ट बहुतेकांना आठवत नाही, आणि तिचं नाव तर पडद्यावर आहे. तुमचं तेही नाही. ओरखडा पडू न देणं हेच तुमचं काम होतं, आणि ते नीट झालं की कोणाला काही दिसतच नाही. तेच हात तुम्ही माझ्या ओरखड्यांना लावलेत, त्याबद्दल आभार. तुम्ही मागे न हटता बसून राहिलात, त्याबद्दल जास्त.

थोडं कामाचं. रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये स्कॅन दाखवणार आहे, साडेसहाला. तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं आहे, काकूंना घेऊन. फोकसची तक्रार आता चालणार नाही, प्रोजेक्टर डिजिटल आहे. सिंक्रोनायझर आणि लाइट बॉक्स शनिवारी खाली आणून देते. पट्टी जोडायचा स्प्लायसर मात्र देणार नाही. पुढची फिल्म सुरू केली आहे, आणि डब्यात अजून काळा लीडर शिल्लक असल्याचं मी बघून ठेवलं आहे.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची