अर्थशास्त्र म्हणजे फक्त बँक नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बारावीनंतर अर्थशास्त्र घेण्याबद्दलचा लेख वाचला, चांगला आहे, पण करिअर म्हणून बँक, शेअर मार्केट आणि यूपीएससी एवढंच सांगितलंय, पब्लिक हेल्थचं नावसुद्धा नाही, हे पटलं नाही.

उदयपूर जिल्ह्यातल्या खेड्यांत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी आणि सहकाऱ्यांनी सेवा मंदिर या स्वयंसेवी संस्थेबरोबर केलेला लसीकरणाचा प्रयोग २०१० मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. लस फुकट होती, तरी नेहमीच्या व्यवस्थेत सगळे डोस पूर्ण झालेली लहान मुलं जेमतेम ६ टक्के. गावातच दर महिन्याला न चुकता कॅम्प लावला तिथे १८, आणि कॅम्पला येणाऱ्या आईला दर वेळी किलोभर डाळ, सगळे डोस झाले की ताटं दिली तिथे ३९! शिवाय डाळीचे पैसे धरूनही डोस पूर्ण झालेल्या दर मुलामागे खर्च नुसत्या कॅम्पच्या निम्म्यावर आला, कारण नर्स तेवढ्याच पगारावर दिवसभर बसलेली असते, मुलं मात्र दुप्पट आली. लोक अडाणी आहेत म्हणून टोचून घेत नाहीत असं आपण सरळ बोलून टाकतो, इथे दिसतं की बऱ्याच घरांत विरोध नव्हताच, आज नको पुढच्या महिन्यात बघू असं चाललेलं.

हे शोधून काढायला एमबीबीएस लागत नाही, स्टॅटिस्टिक्स पक्कं हवं आणि दारोदार सर्व्हे करायची तयारी हवी, आणि गावाकडच्या मुलांना लोकांशी बोलायला शिकवावं लागत नाही. पुढच्या लेखात या वाटेची, म्हणजे एमए, फील्डवरची रिसर्च असिस्टंटची नोकरी, मग पीएचडी, अशी नीट माहिती द्यावी ही विनंती.

– अर्थशास्त्राची एक शिक्षिका, सातारा