खेळाडूचा करार आणि सुटकेची किंमत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

करार मोडून दुसऱ्या संघात जाणाऱ्या खेळाडूंवर कायमची बंदी घाला, असा सूर लावणारी पत्रं गेल्या काही दिवसांत आपल्या अंकात आली. 'सही केली ना, मग निभवा' एवढंच त्यांचं म्हणणं. मी आमच्या गावच्या कबड्डी मंडळाचा बरीच वर्षं सचिव होतो, म्हणजे सह्या करून घेणाऱ्यांच्या बाजूचा माणूस. तरी हे मला पटत नाही. चालू हंगाम पुरा करून आणि संघाने खरोखर केलेला खर्च परत करून खेळाडू जातो म्हणत असेल, तर त्याला सोडलं पाहिजे. मधेच नको, फुकटही नको, पण अडवून ठेवू नये.

संघवाल्यांचं दुखणं खोटं नाही, हे आधी सांगतो. मातीवर खेळलेलं पोरगं मॅटवर उभं करायचं म्हणजे बूट आले, गुडघ्याच्या पट्ट्या आल्या, दूध-अंडी, एसटीचं भाडं, पाय मुरगळला तर डॉक्टर. आमचा मुख्य चढाईपटू उपांत्य सामन्याच्या आदल्या रात्री शेजारच्या तालुक्यातल्या मंडळाच्या गाडीत बसून निघून गेला, तेव्हा गावात चार दिवस दुसरा विषय नव्हता. त्याच्या पायातले बूटसुद्धा मंडळाचेच होते! वरच्या पातळीवर तर जोखीम आणखी मोठी. प्रो कबड्डीच्या २०२२ च्या लिलावात तमिळ थलायवाज संघाने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाखांची बोली लावली, आणि पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून तो अख्ख्या हंगामाला मुकला. एवढी जोखीम घेणाऱ्याला काही हक्क हवाच.

पण तो हक्क पैशावर की माणसावर? आपल्याकडे या प्रश्नाचा निकाल खेळांच्या फार आधी लागलेला आहे. गुढीपाडव्याला सालगडी ठेवताना साल ठरतं. धान्य किती, पैसे किती, उचल किती, सगळं बोलून होतं. गडी दिवाळीतच निघाला तर मालक हिशेब काढतो: काम किती महिने झालं, उचलीतले किती फिटले, उरलेले आण. दोन शब्द वाकडे होतात, कधी चार लोकांना बसवावं लागतं, पण फेड पैशाचीच होते. उचल फिटल्याशिवाय दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवायचा नाही, अशीही रीत एके काळी होती. कुणाला ठाऊक नसेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. १९७६ च्या वेठबिगार उच्चाटन कायद्याने तो गुन्हा ठरवला. कोटींची बोली लागणाऱ्या कबड्डीपटूला वेठबिगार म्हणण्याइतका मी खुळा नाही. पण आमच्या भागातली जी पोरं अकादम्यांच्या कागदांवर सह्या करतात, त्यांच्यावर कुणी कोटींची बोली लावलेली नसते.

असा एक कागद मी बैठक मारून नीट पाहिला. मुलगा आमच्याच तालुक्यातला, बचावात उजवा कोपरा सांभाळतो, चढाईला आलेल्याचा एकदा घोटा धरला की सोडत नाही. अकादमीचं नाव लिहीत नाही. करार पाच वर्षांचा. राहणं-जेवण अकादमीचं, आणि त्या बदल्यात मुलाच्या प्रत्येक कमाईतला तिसरा हिस्सा अकादमीचा. बक्षिसात मोटरसायकल मिळाली तर तिच्या किमतीचाही. लेखी परवानगीशिवाय गावच्या सामन्यातसुद्धा उतरायचं नाही. मुलाने करार मोडला तर दहा लाख रुपये. अकादमीने मोडला तर एक महिन्याची नोटीस, बस. पानंच्या पानं इंग्रजीत, आणि शेवटी 'वाचून समजून घेतले' या एकाच मराठी ओळीखाली मुलाची आणि बापाची सही. तारीख पाहिली तर मुलाला अठरा पूर्ण झाली त्याच आठवड्यातली. अठरा पूर्ण न झालेल्या मुलाने केलेला करार आपल्या कायद्यात मुळातच टिकत नाही. आधी घेतलेली सही कामाची नाही, हे कागद करणाऱ्याला पक्कं माहीत असावं.

आता त्या मुलाला एका सरकारी खात्याच्या संघाचं बोलावणं आलंय. म्हणजे महिन्याला ठरलेले पैसे आणि पुढे नोकरीची आशा. अकादमी म्हणते, आधी दहा लाख ठेवा. बाप माझ्याकडे आला तेव्हा एवढंच म्हणाला, "दहा लाख आनू कोठून भाऊ? वावर इकलं तरी येत नाईत तेवढे."

त्या बापाला आणि त्याच्यासारख्या इतरांना ठाऊक असाव्यात अशा काही गोष्टी आहेत. करारात दहा लाख लिहिले म्हणून दहा लाख द्यावेच लागतात असं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की दंडाचा आकडा ही वरची मर्यादा. तिच्या आत वाजवी भरपाई किती ते न्यायालय ठरवतं. अमुक संघाकडून खेळच, असा हुकूमही न्यायालय सहसा देत नाही, कारण अंगमेहनतीचा आणि अंगच्या गुणाचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, हे १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातलं तत्त्व आहे. आणि करार संपल्यावर खेळाडूवर कुणाचा ताबा उरत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं. त्याच्या जाहिरातींचं काम पाहणाऱ्या कंपनीचा करार २००३ मध्ये संपला; तरी दुसऱ्या कुणाचा प्रस्ताव आला तर तो आधी आम्हाला दाखव, आम्ही तेवढे पैसे देऊ, असा हक्क कंपनी सांगत होती. २००६ मध्ये न्यायालयाने तो मानला नाही. धंद्याला आडकाठी करणारा करार त्याच करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रद्दबातल, हे त्यामागचं कारण.

पण मुदत चालू असताना गोष्ट वेगळी. तेव्हा 'आमच्याकडे खेळू नकोस, पण दुसऱ्याकडेही खेळू नकोस' असा मनाई हुकूम निघू शकतो, आणि खरी मेख तिथेच आहे. तारखांवर तारखा पडतात, वकिलाची फी चढत जाते, आणि कोपऱ्यातल्या पकडीला लागणारे गुडघे काही निकालाची वाट पाहत थांबत नाहीत.

बंदीच्या बाजूचे लोक इंग्लंडचा क्रिकेटपटू हॅरी ब्रूक याचं उदाहरण देतात. त्याच्यावरची बंदी मलाही रास्त वाटते. आयपीएलमध्ये दिल्लीने त्याला सव्वासहा कोटींना घेतलं, आणि २०२५ चा हंगाम तोंडावर आल्यावर त्याने अंग काढून घेतलं. इजा नसताना असं केलं तर दोन हंगाम बाहेर, हा नियम लिलावाच्या आधीच जाहीर झालेला होता. तो वाचूनच त्याने लिलावात नाव दिलं असणार. रवींद्र जडेजाचं २०१० चं प्रकरणही याच जोडीने निघतं. राजस्थानचा करार पुढे चालवायचं सोडून दुसऱ्या संघाशी बोलणी केली म्हणून त्याला वर्षभर आयपीएलबाहेर बसवलं. त्याला ते परवडलं, कारण तो भारताकडून खेळत होता. त्यानंतरच्या हंगामांत त्याच्यावर मोठ्या बोल्याही लागल्या. आमच्या उजव्या कोपऱ्याचं एक वर्ष गेलं तर खात्याच्या संघातली जागा हातची जाते, आणि त्याला लिलावात पुन्हा कुणी विचारत नाही. एकाच मापाची शिक्षा दोघांना लावणाऱ्यांनी हा फरक आधी मोजावा.

स्पेनच्या फुटबॉलमध्ये याची तोड कायद्यानेच काढली आहे. तिथल्या खेळाडूच्या करारात सुटकेची रक्कम आधीच लिहिलेली असते. ती भरली की क्लबला अडवता येत नाही. २०१७ मध्ये नेमारसाठी २२ कोटी २० लाख युरो भरले गेले आणि बार्सिलोनाला त्याला सोडावं लागलं. आकडा आपल्या कल्पनेपलीकडचा असला तरी रीत सरळ आहे. आपल्याकडे रक्कम लिहितात ती दंड म्हणून, धाक बसावा म्हणून. खर्चाशी तिचा काडीचा संबंध नसतो.

आणि विदर्भाने तरी दुसऱ्यांनी माणूस सोडण्याबद्दल कुरकुर करू नये. वसीम जाफर मुंबई सोडून आपल्याकडे आला आणि पाठोपाठ दोन वर्षं रणजी करंडक घरी आला. करुण नायर कर्नाटकातून आला, २०२४-२५ च्या अंतिम सामन्यात नागपूरच्या जामठा मैदानावर शतक ठोकून गेला, आणि मग परत आपल्या राज्यात. ते ना-हरकत प्रमाणपत्राचे व्यवहार, पाच वर्षांचे करार नव्हेत, हे मान्य. पण येताना टाळ्या वाजवायच्या आणि अमरावतीचा जितेश शर्मा बडोद्याला निघाला की नाक मुरडायचं, हे पानठेल्यावर मी स्वतः ऐकलंय.

म्हणून कबड्डी संघटना आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे माझी मागणी आहे. अठरा ते एकवीस वयाच्या खेळाडूचा कोणताही करार मराठीत असल्याशिवाय ग्राह्य धरू नये. पहिला करार दोन हंगामांहून लांब नसावा. अकादमीने दर सहा महिन्यांनी खर्चाचा हिशेब पालकांना लेखी द्यावा, आणि सुटकेची रक्कम त्या हिशेबावरूनच निघावी. वर थोडा मोबदला चढवला तरी कुणी नाही म्हणणार नाही, कारण शिकवणाऱ्याच्या मेहनतीलाही किंमत आहे. अकादमीने मुलाला काढलं तर नोटीस दोघांना सारखी. वाद झाला तर तीस दिवसांत निकाल देईल अशी जिल्हा पातळीवरची समिती हवी, तिच्यात एक वकील आणि एक निवृत्त खेळाडू. निकाल लागेपर्यंत मुलाला खेळू द्यावं.

आमच्या मुलाच्या वडिलांनी अकादमीला पत्र दिलंय की झालेल्या खर्चाचा कागद दाखवा, हप्त्याने फेडतो. उत्तर आलेलं नाही. खात्याच्या संघाने मात्र महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे.

आपल्याला एक विनंती. एखाद्या वकिलाकडून असा करार कसा वाचावा यावर सोप्या मराठीत एक लेख लिहून घेऊन दिवाळीनंतर लगेच छापावा. गावोगावचे खुले सामने तेव्हाच सुरू होतात, आणि कोरे करार खिशात घालून फिरणारी मंडळीही त्याच मैदानांवर येतात.

आपला,
गावच्या कबड्डी मंडळाचा एक माजी सचिव
ता. दारव्हा, जि. यवतमाळ