ओढ्याच्या पाण्याच्या वर्षभराच्या तपासणीसाठी निधी आणि सहकार्याचे आवाहन

सर्व ग्रामस्थ, बागायतदार आणि नोकरी-व्यवसायानिमित्त बाहेरगावी राहणारे आमचे बंधू-भगिनी यांस सप्रेम नमस्कार.

नाशिक जिल्ह्यात कादवा नदीला मिळणाऱ्या आपल्या ओढ्याच्या काठच्या ग्रामपंचायती आणि पाणीवापर संस्था यांनी मिळून नेमलेल्या समितीच्या वतीने हे आवाहन करीत आहोत. ओढ्याच्या वरच्या अंगाला रद्दीपासून क्राफ्ट कागद, म्हणजे खोक्यांच्या पुठ्ठ्याचा जाड तपकिरी कागद, करणारी गिरणी आहे आणि तिचे सांडपाणी ओढ्यात उतरते, ही तक्रार गावात नवी नाही. यापुढे मात्र ती तोंडी न ठेवता तारीख, वेळ, ठिकाण आणि आकडे यांसह मांडायची, असे समितीने ठरवले आहे. त्यासाठी येणारा खर्च कोणत्याही एका गावाच्या ग्रामनिधीला पेलणारा नाही.

गिरणी बंद पाडणे हा समितीचा हेतू नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. गावातली मुले तेथे पाळीने कामाला जातात. शिवाय आपली द्राक्षे ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यांतून बाजारात जातात, तो पुठ्ठा अशाच गिरण्यांच्या कागदाचा असतो; तेव्हा कागदच नको असे म्हणण्याचा अधिकार निदान द्राक्षबागायतदारांना तरी नाही. सांडपाणी किती, कसे आणि कोणत्या वेळी सोडायचे याच्या अटी ठरलेल्या असतात. त्या पाळल्या जातात की नाही हे ओढ्याकाठच्या माणसाला कळले पाहिजे, एवढीच आपली मागणी आहे.

रद्दी पाण्यात घुसळून तिचा लगदा केला जातो, तेव्हा कागदाचे बारीक तंतू, जुन्या खोक्यांतला स्टार्च, डिंक, शाई आणि प्लॅस्टिकचे तुकडे पाण्यात उतरतात. यातले बरेचसे गिरणीतच गाळता आणि निवळता येते. विरघळलेला स्टार्च मात्र निवळत नाही; तो जिवाणूंकरवी खाऊन संपवावा लागतो आणि त्यासाठी हवा भरलेल्या टाक्या अखंड चालवाव्या लागतात. हवा भरणाऱ्या यंत्रांना वीज लागते, आणि खर्चाला कात्री लावायची तर पहिली नजर याच विजेवर जाते. टाकीत व्हायचे काम अपुरे राहिले की ते ओढ्यात होते. तेथले जिवाणू स्टार्च खाताना पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात, मग आंबट-कुजका वास सुटतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडू लागतात. तंतूंचा त्रास ठिबक सिंचनवाल्यांना ठाऊक आहेच: फिल्टरची जाळी उघडली की तपकिरी, बुळबुळीत साय हाताला लागते. गिरणीत तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवून वापरले तर त्यातले क्षारही वाढत जातात, आणि द्राक्षवेल क्लोराइडला फार सोशीक नाही.

पाण्यातला प्राणवायू पाहण्याची एक जुनी, स्वस्त आणि भरवशाची रीत आहे. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली बुडबुडा राहणार नाही अशी पाण्याखालीच भरायची, त्यात मँगनीज सल्फेटचे आणि मग अल्कली-आयोडाइडचे द्रावण सोडायचे आणि बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा पुढे प्रयोगशाळेत काढावा लागतो, पण पांढरा आणि तपकिरी यांतला फरक ओढ्याच्या काठावर शाळकरी मुलालाही दिसतो. म्हणूनच परिसरातील विद्यालयांच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना आम्ही मुद्दाम हाक देत आहोत.

आता आकड्यांविषयी. पृष्ठभागावरच्या पाण्यात सांडपाणी सोडण्याच्या सर्वसाधारण मानकांनुसार बीओडी, म्हणजे सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू, लिटरमागे 30 मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. हे मानक पाळले गेले तरी प्रश्न संपत नाही, असे समितीचे मत आहे. दिवसाला दहा लाख लिटर सांडपाणी याच मर्यादेत सोडले, तरी रोज 30 किलो प्राणवायू खाणारा भार ओढ्यावर पडतो. वाहत्या नदीत तो विरून जाईल. आपला ओढा पावसाळ्यानंतर केवळ कालव्याच्या आवर्तनाच्या, म्हणजे पाळीने पाणी सुटण्याच्या, दिवसांत वाहतो. एरवी त्यात पातळ करायला पाणीच नसते, आणि सांडपाणी हाच ओढा होऊन बसतो. स्थानिक परिस्थिती पाहून सर्वसाधारण मानकांहून कडक अट घालण्याचा अधिकार राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला आहे. आपल्या ओढ्यासाठी तो वापरावा, असे आपले म्हणणे राहील, आणि ते मांडायला वर्षभराच्या नोंदी लागतील.

हे पाणी कादवेतून पुढे गोदावरीच्या संगमाशी, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयात जाते. महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याला मान्यता मिळालेली आहे. आपल्या विहिरींची काळजी आपल्याला आहेच, पण खाली कोण राहते याचीही जाणीव असावी.

कायदा आपल्या बाजूने आहे, मात्र तो कागदपत्रे मागतो. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, 1974 च्या कलम 25 नुसार सांडपाणी सोडण्याच्या संमतीच्या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते, आणि त्या सांडपाण्याची झळ पोहोचणाऱ्या कोणालाही ती पाहता येते. हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती नोंद पाहणे आणि माहिती अधिकारात अटींच्या प्रती मागवणे, हे पहिले काम. या अधिनियमाखालच्या खटल्यात मंडळाच्या अधिकाऱ्याने कलम 21 प्रमाणे रीतसर घेतलेला नमुनाच उपयोगी पडतो, त्यामुळे आपले अहवाल त्याची जागा घेणार नाहीत. पण अधिकाऱ्याने नमुना कोठे आणि केव्हा घ्यावा, हे मात्र ते नेमके सांगू शकतील. त्यानंतरही दखल घेतली गेली नाही, तर मंडळाला साठ दिवसांची नोटीस देऊन नागरिकांना स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करता येते. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे पुण्याचे पीठही आहे; तेथे वाद नेण्याची मुदत साधारणपणे कारण घडल्यापासून सहा महिन्यांची असल्याने तारीखवार नोंदींना महत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये, चालू स्थितीतील सांडपाणी प्रक्रिया संयंत्र नसेल तर उद्योग चालवू देऊ नये, असा निर्णय दिलेला आहे.

वर्षभर दर महिन्याला गिरणीच्या वरच्या बाजूला, सांडपाणी मिळते तेथे, त्याखाली बंधाऱ्याजवळ आणि कादवेच्या तोंडाशी नमुने घ्यायचे आहेत. पहिल्या मोठ्या पावसात आणि आवर्तन सुटताना जादा नमुने घेतले जातील. तपासणी एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होईल. निधीचा मोठा भाग या तपासणीवर आणि बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवण्याच्या वाहतुकीवर जाईल. उरलेला कागदपत्रांच्या प्रती, नोटिसा आणि वकिली सल्ल्यासाठी राखून ठेवू. ओढ्याकाठच्या प्रत्येक जमीन खातेदाराने किमान 500 रुपये द्यावेत, अशी विनंती आहे. ज्याला जमत नाही त्याने एक दिवस नमुन्यांच्या गाडीबरोबर जावे, तेही तितकेच मोलाचे.

पैशांखेरीज आणखी मदत हवी आहे. ज्यांनी विहिरीच्या पाण्याचे जुने तपासणी अहवाल जपून ठेवले आहेत, त्यांनी त्यांच्या प्रती द्याव्यात. पर्यावरण अभियंते, वकील आणि कागद उद्योगातून निवृत्त झालेले कामगार यांचा सल्ला आम्हाला हवा आहे. पाण्याचा रंग किंवा वास बदलला, तर तारीख-वेळेसह छायाचित्र काढून समितीकडे पाठवावे. कोणीही गिरणीच्या आवारात शिरू नये, सांडपाण्याचे चेंबर उघडू नये किंवा तेथील कामगारांशी हुज्जत घालू नये. अशा एका प्रकाराने वर्षभराच्या कामावर पाणी पडेल.

देणगीबाबत काही अटी आहेत. गिरणीकडून, तिच्या ठेकेदारांकडून अथवा कोणत्याही राजकीय पक्षाकडून रक्कम स्वीकारली जाणार नाही. परदेशात राहणाऱ्या पण भारतीय नागरिकत्व असलेल्या गावकऱ्यांनी आपल्या भारतातील बँक खात्यातून रक्कम पाठवावी. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी कायद्याने आम्हाला घेता येत नाही, त्यांनी सल्ल्याच्या रूपाने मदत करावी. या देणगीवर आयकरात सवलत मिळणार नाही. प्रत्येक तिमाहीचा जमाखर्च आणि आलेले सर्व अहवाल, आपल्या म्हणण्याला अनुकूल असोत वा प्रतिकूल, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले जातील आणि ग्रामसभेत वाचून दाखवले जातील.

बँक खात्याचा तपशील ग्रामपंचायत कार्यालयात आणि पाणीवापर संस्थेच्या कार्यालयात मिळेल. रोख रक्कम देणाऱ्यांनी ती याच दोन ठिकाणी, कार्यालयीन वेळेत द्यावी आणि क्रमांक असलेली छापील पावती घेतल्याशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत.

आपले नम्र,
ओढ्याकाठच्या गावांची संयुक्त पाणी समिती