सरांच्या स्पूलबद्दल, जरा घाईने

प्रिय मधू,

इतके दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील. चिडायचं ते नंतर चीड, आधी हे वाच. मी बरा आहे, गोळ्या वेळेवर घेतो.

सरांच्या रेकॉर्डिंगची ती स्पूल, जिच्या टेपवर तुमचं भांडण आहे ती, काल चालली. हो, तीच. तुझा आवाज आहे तिच्यात.

टेप चिकटलेलीच होती. हेडवर आली की चिरकायची आणि गाईडवर तपकिरी लगदा सोडायची. आधी उजेडासमोर धरून पाहिली, कारण टेपची पट्टी ॲसिटेटची असती तर उष्णता देऊन चालणार नव्हतं. नव्हती. मग ५४ अंशांच्या आसपास आठ तास ऊब दिली. आता चालते, पण काही आठवड्यांत बाइंडर, म्हणजे चुंबकी लेप धरून ठेवणारा डिंक, पुन्हा ओल धरणार. घाई आहे ती त्यामुळे.

मशीन आधीच लावून ठेवलं होतं. हेड आणि गाईड पुसून डीमॅग्नेटाइज केले, म्हणजे त्यांत साठलेलं चुंबकत्व काढलं. डीमॅग्नेटायझर हातभर लांब नेल्याशिवाय बंद करायचा नाही ही तुझीच शिस्त. मग ठरलेले सूर भरलेली कॅलिब्रेशन टेप लावून अझिमथ, म्हणजे हेडची फट टेपच्या धावेला काटकोनात आहे ना ते: आधी १ किलोहर्ट्झवर, नंतर १० वर. थेट १० वर गेलं की खोट्या शिखरावर अडकायला होतं. शेवटी ऑसिलोस्कोपवर दोन्ही चॅनल एकमेकांसमोर टाकून तिरपी सरळ रेघ मिळवली. इक्वलायझेशन, म्हणजे उंच-खोल सुरांचा तोल, सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगाला ७० मायक्रोसेकंद ठेवलं, सरांचं मशीन तसंच होतं म्हणून. तू असतास तर या सगळ्याला एक दिवस जास्त लागला असता, कारण बायसवरून, म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजात मिसळायच्या न ऐकू येणाऱ्या उंच लहरीच्या जोरावरून, आपण पुन्हा भांडलो असतो. शिखरापुढे ३ डीबी खाली यायचं हा तुझा आकडा तुझ्या टेपला आणि तुझ्या वेगाला बरोबर, सगळ्या जगाला नाही. अजूनही माझं तेच म्हणणं आहे.

तर स्पूल. सुरुवातीचं गाणं स्वच्छ. मग तू म्हणतोस, "सर, आधी प्लेबॅक हेड बघा, मगच रेकॉर्डचा स्क्रू." सर गरजतात. आणि पुढे ऐकता ऐकता ट्रेबल खाली जातं. रेकॉर्डिंग चालू ठेवूनच ते रेकॉर्ड हेड फिरवत होते आणि ऐकत होते प्लेबॅक हेडवरून, जो स्वतःच तिरका होता. त्यांच्या हेडफोनमध्ये आवाज उजळत गेला असणार, टेपवर मात्र तिरकेपणा कायमचा उमटला. १० किलोहर्ट्झची लहर या वेगाला टेपवर जेमतेम १९ मायक्रॉन लांब. सरांचं मशीन फुल ट्रॅक, म्हणजे ६.३ मिलिमीटरची सगळी रुंदी. तेवढ्या रुंदीत एक षष्ठांश अंशाचा फरक पडला तरी वरची कड आणि खालची कड यांच्यात १८ मायक्रॉनची सरक पडते, म्हणजे जवळजवळ एक अख्खी लहर. दोन्ही बाजू एकत्र केल्या की ती स्वतःलाच खोडते.

तू दार आपटून गेलास. दारही ऐकू येतं, बोथट. त्यानंतर सर काहीतरी बोलतात. मला कळेना. मागे घेऊन पुन्हा ऐकलं, तरी कळेना. शेवटी हेडचा स्क्रू किंचित हलवला आणि शब्द सुटे झाले.

"त्याचंच बरोबर आहे रे. पण आत्ता थांबलो तर आजचं गाणं जाईल."

मधू, मी रडलो. त्या दिवसानंतर तू त्यांच्याकडे किती महिने गेला नाहीस, आणि मी दोघांच्या मध्ये कसा वागलो, सगळं समोर आलं. मी तेव्हा खोलीतच होतो आणि हे वाक्य मला मुळीच आठवत नाही.

आता खरी काळजी. उरलेल्या स्पूलही त्याच मशीनवरच्या आहेत, आणि मध्ये कुठे कुठे स्क्रू फिरला ते त्यांच्यावर लिहिलेलं नाही. सुरुवातीला हेड जुळवायचे टोनही भरलेले नाहीत. हेड कॅलिब्रेशन टेपच्या प्रमाणावरच ठेवून माझ्या मशीनचे वरचा-खालचा असे दोन्ही चॅनल वेगवेगळे साठवले, तर त्यांच्यातला वेळेचा फरक नंतर संगणकात भरून काढता येतो. एका फेरीत काम होतं. पण प्रत्येक चॅनलच्या पट्टीच्या आत जे खोडलं गेलं ते परत येत नाही, आणि ट्रेबल चढवलं की सळसळही चढते. तू नेहमी म्हणायचास तसं हेड टेपप्रमाणे लावायचं, तर प्रत्येक तुकड्याला थांबा, ऐका, मागे या. दर फेरीला थोडा लेप हेडवर राहतो. या टेपा ते किती सोसतील? मला वाटतं, पहिली फेरी प्रमाणावर, काही झालं तरी एवढं हाती राहील. मग टेप धड राहिली तर तुकड्यांप्रमाणे दुसरी. तुला हा क्रम पटतो का, ते मला हवंय. या बाबतीत मी एकट्याने ठरवणार नाही.

तुझी ती लांबट वही आहे ना? सरांनी कधी काय फिरवलं ते तू तारखेनिशी लिहायचास आणि आम्ही तुला कारकून म्हणायचो. ती सापडली तर अर्धी काळजी मिटली.

धाकटीला नोकरी लागल्याचं कळलं, छान झालं. घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार.

पत्र मिळताच कळव आणि लगेच ये, तोवर स्पूल लावत नाही. येताना वही आण आणि धाकटीलाही घेऊन ये. १२ किलोहर्ट्झच्या वरचं आपल्या दोघांना आता ऐकू येत नाही, तिला येईल.

तुझा,
भाऊ